टिकली लावलेलं बटण

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून नेहमीचं रंगीत चित्र येईपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. त्या वेळात पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी येतात आणि जातात. लोक तेवढ्यात चहा सांगतात, देवाला उदबत्ती लावतात, नाहीतर शेजारच्या टेबलावर जाऊन कालच्या मॅचबद्दल बोलून येतात. मी त्या ओळी वाचायचे. माझं घर त्या ओळींवर चाललं असं म्हटलं तरी चालेल.

मुलुंड, घाटकोपर आणि पलीकडे अंधेरी-बोरिवली, जिथे एखाद-दुसरा कॉम्प्युटर आहे आणि तो सांभाळायला पगारी माणूस नाही, अशी सगळी माझी गिऱ्हाइकं. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, क्लासेस, सोसायट्या. सुरुवातीला लोक दार उघडून माझ्या मागे जिन्याकडे बघायचे, इंजिनिअर मागून येतोय की काय म्हणून. मी पिशवीतून पेचकस काढला की मग पंखा लावायचे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःला तपासतो. पन्नाशी उलटलेला माणूस सकाळी उठताना गुडघा हलवून बघतो ना, तसं. सगळं ठीक असेल तर गुमान पुढे जातो. काही दुखत असेल तर तसं लिहून दाखवतो आणि थांबतो. की-बोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेत एफ-वन नावाचं बटण असतं. बहुतेक मशीन म्हणतात, पुढे जायचं असेल तर ते दाबा. ते दाबणं म्हणजे सही करणं: तू सांगितलंस, मी वाचलं, आता चल. लोक वाचत नाहीत, सही तेवढी करतात. मशीन बिचारं चालू होतं आणि मग ‘चाललंय ना, मग झालं तर’ असं म्हणून सगळे कामाला लागतात.

अपवादही भेटले. मुलुंडला एक निवृत्त आजोबा होते. ते रोज सकाळी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसत आणि मशीन आपली मेमरी किती दाखवतंय ते ब्लडप्रेशरसारखं तपासत. एके दिवशी त्यांचा फोन आला, "बाई, आज निम्मीच दाखवतोय. विसरायला लागला की काय माझ्यासारखा?" जाऊन बघते तर आतली एक पट्टी खरंच खाचेतून सैल झाली होती. याउलट बोरिवलीचे एक क्लासवाले सर. हल्लीच्या मशीनमध्ये त्या ओळी कंपनीच्या रंगीत चित्रामागे झाकलेल्या असतात. मी कुठेही गेले की आधी ते चित्र काढून टाकायचे, ओळी दिसाव्यात म्हणून. सरांनी मला परत बोलावलं. म्हणाले, "मॅडम, आधी किती झकास चित्र यायचं. पालक समोर बसलेले असतात, हे काळंबेरं बरं दिसत नाही." मी चित्र परत लावून दिलं. गिऱ्हाईक आहे, काय करणार!

पण आज मला सांगायचं आहे ते घाटकोपरच्या एका कानाच्या केंद्राबद्दल. या गोष्टीतली माणसं मला अजून विसरता येत नाहीत.

ते केंद्र एका धर्मादाय संस्थेचं. पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. माझं त्यांच्याशी वर्षाचं कंत्राट नव्हतं. काही बंद पडलं की बोलवायचे. आमच्या धंद्यात निम्मी गिऱ्हाइकं अशीच असतात. त्या दिवशी सकाळी तिथल्या रिसेप्शनिस्टचा, लताचा, फोन आला. आवाज घाबरलेला.

"मॅडम, मशीन चालू होत नाहीये. मी कधीची टिकली दाबतेय, पण पुढे जातच नाही."

"काय दाबतेयस?"

"टिकली हो. तुम्ही या ना लवकर. नेहा मॅडम खूप टेन्शनमध्ये आहेत."

रिक्षात बसल्यावरही मला टिकलीचा उलगडा होईना. तिथे पोचले तेव्हा लता दारातच उभी होती. तिनं मला थेट आतल्या खोलीत नेलं आणि की-बोर्ड दाखवला. एफ-वनच्या बटणावर लाल टिकली चिकटवलेली होती. कपाळाला लावतात तीच, मखमली. रोज बोट लागून तिची कड झिजली होती.

लताचं म्हणणं असं की मशीन रोज सकाळी काहीतरी लिहून थांबायचं. आधीच्या मॅडमनी सांगितलं होतं, एफ-वन दाब, होतं चालू. पण सकाळी केंद्र उघडायच्या त्या झाडलोट करणाऱ्या मावशी. पेशंट यायच्या आत मशीन तयार असावं म्हणून चालू त्याच करायच्या आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून लतानं ही युक्ती काढली. मशीन थांबलं की टिकली दाबायची. सगळ्यांना इतकं सोयीचं झालं की मावशी सुट्टीवर गेल्या तरी वॉचमन वर येऊन टिकली दाबून जायचा.

"पण काय लिहून यायचं, ते कोणी वाचलं का?" मी विचारलं.

लता म्हणाली, "रोज तेच यायचं हो मॅडम."

रोज तेच यायचं हे खरं होतं. तिनं मोबाइलमध्ये पूर्वी कधीतरी काढलेला एक फोटो दाखवला, टिकली किती छान दिसते म्हणून बहिणीला पाठवलेला. त्यात कोपऱ्यात पडद्यावरच्या ओळी दिसत होत्या. सरळ लिहिलं होतं की माहिती साठवायची डिस्क बिघडण्याच्या मार्गावर आहे, आतल्या माहितीची प्रत काढून घ्या, डिस्क बदला. पुढे जायचं असेल तर एफ-वन. त्या सकाळी मात्र पडद्यावर वेगळी ओळ होती. मशीन म्हणत होतं, मला डिस्कच सापडत नाही. त्याच्याखाली एफ-वन वगैरे काही नव्हतं. लता तरीही टिकली दाबत होती, कारण ओळ बदललीये हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण तिचा चेहरा बघून आला नाही.

इतक्यात नेहा आली. ही तिथली श्रवणतज्ज्ञ, कानाची तपासणी करणारी. वर्षभरापूर्वी रुजू झालेली, तिशीच्या आतली, फटाफट बोलणारी. पण त्या दिवशी तिनं आधी दार लोटून घेतलं आणि मग म्हणाली, "मॅडम, बारा वाजता गौरी परब येणार आहे. तिचा मॅप या मशीनमध्ये आहे. आणि फक्त याच मशीनमध्ये आहे."

मॅप म्हणजे काय ते तिनं मला सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही मुलांच्या कानात ऑपरेशन करून आत एक बारीक तार बसवतात. बाहेर कानामागे एक छोटं यंत्र लावतात, ते चुंबकानं डोक्याला चिकटून राहतं. बाहेरचं यंत्र आवाज टिपतं आणि आत पोचवतं. पण कुठला आवाज किती पोचवायचा हे प्रत्येकाचं वेगळं. कमी झालं तर ऐकू येत नाही, जास्त झालं तर मूल किंचाळतं. ती मापं घ्यायला महिनोन्‌महिने लागतात. लहान मुलाला विचारून कळत नाही, म्हणून खेळ करावा लागतो: आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाक. असे ठोकळे टाकत टाकत जी मापं जमतात, तो मॅप. शिंप्याकडे आपलं माप लिहिलेलं असतं, तसा तो केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि मुलाच्या कानामागच्या यंत्रातही.

"मग तिच्या यंत्रात आहेच की," मी म्हणाले.

"तिचं यंत्र समुद्रात पडलं."

गौरी दुसरीतली. घर वाकोल्याला. वडील अंधेरीच्या एका कुरिअर कंपनीत कामाला. नात्यातल्या कोणाकडे म्हणून ते सगळे मनोरीला चालले होते. मार्व्याहून होडीत बसले, पोर पाणी बघायला कडेला वाकली आणि कानामागचं यंत्र गळून पाण्यात पडलं. त्याला तीन आठवडे झाले होते. संस्थेनं खटपट करून नवीन यंत्र मिळवलं. ते कालच आलं होतं आणि टेबलावर खोक्यात होतं. कोरं. त्यात मॅप भरला की झालं, असं नेहानं परबांना फोनवर सांगितलं होतं.

"बाकीच्या पेशंटचे मॅप त्यांच्या त्यांच्या कानावर आहेत," नेहा म्हणाली. "ते मी परत उतरवून घेईन. गौरीचाच कान रिकामा आहे."

मी विचारलं, "बॅकअप?"

"रोज होतो ना! दर संध्याकाळी हिरवी खूण येते."

मी मशीन उघडून पाहिलं. आत एकच डिस्क होती. बॅकअप रोज व्हायचा, पण तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात. एकाच कपाटाच्या वरच्या खणातले दागिने खालच्या खणात ठेवले तर चोरी झाल्यावर काय उपयोग? ज्यानं कोणी हे लावून दिलं तो केव्हाच निघून गेला होता. हिरवी खूण मात्र प्रामाणिकपणे येत होती.

परब वेळेच्या आधीच आले. शर्ट इस्त्रीचा, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांच्या बोटाला धरून गौरी. दोन वेण्या, चेहरा मख्ख. ती कोणाकडे बघतच नव्हती. नेहानं खाली वाकून तिच्या गालाला हात लावला तर तिनं मान बाजूला केली.

"घरात बोलायचीच बंद झालीय," परब म्हणाले. "आधी बडबड बडबड असायची. आता स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही ना, म्हणून असेल. शाळेत पण मागे जाऊन बसते. आज पेढे घेऊनच आलो, म्हटलं आज काम होणार."

नेहानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनंच त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. परबांनी पुडा टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो सरळ करत राहिले.

आता माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक, डिस्क जशी आहे तशी माहिती परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायची. ते लोक ती धूळ नसलेल्या खोलीत उघडतात. काम चोख, पण आठवडे जातात, कधी दोन महिनेही. दुसरी वाट म्हणजे मी इथेच प्रयत्न करायचा. मरायला टेकलेल्या डिस्कला प्रत्येक वेळी वीज देणं म्हणजे जुगार असतो. एखादी वेळ शेवटची ठरते आणि मग प्रयोगशाळेलाही फारसं काही करता येत नाही. मी हे दोन्ही परबांना सांगितलं.

त्यांनी विचारलं, "महिनाभर थांबलो तर नक्की मिळेल?"

"नक्की कोणी सांगणार नाही. इथल्यापेक्षा तिथे शक्यता जास्त."

"आणि नाही मिळाला तर?"

उत्तर नेहानं दिलं. "तर पहिल्यापासून. ठोकळे आणि डबा. पहिल्या वेळी तिला एकदा आवाज जास्त गेला होता, तेव्हापासून कानामागे यंत्र लावायला घेतलं की ती रडायची, फाइलमध्ये तसं आहे. परत बसवीन मी तिला. पण वेळ लागेल, आणि तोवर तिची भाषा..."

परबांनी मुलीकडे पाहिलं. मग गावाकडच्या बोलीत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "माका काय समाजना नाय." आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघा. तुम्हाला काय वाटतं ते करा."

लोक असं म्हणतात तेव्हा आपल्याला मोकळीक देतात असं त्यांना वाटतं. मला तेव्हा पेचकस पिशवीत टाकून घरी जावंसं वाटत होतं, हे अगदी खरं सांगते.

मी ठरवलं की आधी वीज न देता जेवढं कळतं तेवढं बघायचं. लताला पुन्हा विचारलं, आज मशीन चालू केलंस तेव्हा आतून टक टक आवाज आला होता का? नाही म्हणाली. काल मशीन फार हळू चाललं होतं का? हो, नेहा म्हणाली, गेले कित्येक दिवस. टकटक नाही, म्हणजे आतला वाचणारा काटा अजून मोडलेला नसावा. माझा अंदाज असा की डिस्क फिरते, पण म्हाताऱ्या माणसासारखी उठायला वेळ लावते. मशीनला तेवढा धीर नसतो. ते थोडं थांबतं आणि ‘डिस्क सापडत नाही’ असं लिहून मोकळं होतं. माझ्या लॅपटॉपला तिला बाहेरून जोडलं आणि उठायला हवा तेवढा वेळ दिला, तर कदाचित वाचता येईल. कदाचित.

एक पथ्य मी कायम पाळलं. वीज देण्याआधी सगळी मांडामांड पुरी करायची. प्रत कुठे घ्यायची, कुठली फाइल आधी, मध्येच अडकलं तर काय. सगळ्या पेशंटची माहिती एकाच मोठ्या फाइलमध्ये होती, त्यामुळे गौरीचं तेवढं उचलता येणार नव्हतं. नेहानं शिबिरांसाठी वापरायचा तिचा लॅपटॉप आणला, त्यात मॅपचं सॉफ्टवेअर होतं. डिस्क तापू नये म्हणून लतानं बाहेरचा पंखा स्टुलावर आणून ठेवला. मी मशीनमधून काढलेली डिस्क लाकडी टेबलावर ठेवली, वायर जोडली, आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मग डिस्कवर टेकवलेल्या तळहाताला अगदी बारीक थरथर लागली. ती वाढत गेली, स्थिर झाली. लॅपटॉपवर डिस्कचं नाव उमटलं तेव्हा परबांनी हात जोडले. मी त्यांना म्हटलं, अजून नाही.

प्रत निघायला लागली. फाइल पुढे सरकत होती, थांबत होती, परत सरकत होती. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर आकडा जागच्या जागी उभा राहिला. पडदा गोठल्यासारखा. पंख्याच्या आवाजात मला डिस्कचं काही ऐकू येईना, आणि पंखा बंद करायची छाती होईना. डिस्क फिरतेय की थांबली? थांबली असेल तर वायर लगेच काढायला हवी. फिरत असेल तर हात लावायचा नाही.

गौरी केव्हा जवळ आली कळलं नाही. माझा तळहात मघाशी होता तिथे तिनं दोन बोटं टेकवली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तिनं दुसऱ्या हातानं हवेत गोल काढून दाखवला. फिरतंय. मी स्वतः हात लावून बघायला हवं होतं, पण तिच्या बोटांना कळत होतं तेवढं माझ्या हाताला कळलं असतं का कोणास ठाऊक. ती बोटं तशीच ठेवून उभी राहिली. आकडा हलेपर्यंत ती अधूनमधून गोल काढून दाखवत होती, आणि मी मान हलवत होते.

प्रत पूर्ण झाली, पण मधले काही तुकडे वाचताच आले नव्हते. डिस्क बंद केली. फाइल नेहाच्या लॅपटॉपवर उघडायला घेतली तर एक चौकट आली, खाली दोन बटणं. मी निर्धास्त झाले होते. इतका वेळ श्वास रोखून धरल्यावर माणसाला पुढे जायची घाई होते. माझं बोट ‘होय’कडे गेलंसुद्धा.

"मॅडम!" नेहानं माझं मनगट धरलं. "काय लिहिलंय ते वाचलंत?"

लिहिलं होतं की फाइल खराब आहे, दुरुस्त करू का, आणि दुरुस्तीत जे तुटलेलं असेल ते काढून टाकलं जाईल.

"काढून टाकलं जाईल म्हणजे कायमचं?" तिनं विचारलं.

मी चौकट बंद केली, फाइलच्या आणखी दोन प्रती काढल्या, आणि मगच एकीवर ‘होय’ म्हटलं. दुरुस्ती झाली. यादी उघडली. पाटील होते, परमार होते. त्यांच्या वर परब नव्हती. मशीननं तुटलेलं समजून गौरीला सरळ गाळून टाकलं होतं. नेहानं दोनदा शोधलं. तिसऱ्यांदा शोधताना तिचे डोळे भरून आले. परब आमच्या मागे उभे होते आणि त्यांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं. त्यांना आमचे चेहरे मात्र कळत होते.

दुसरी प्रत शिल्लक होती. ती दुरुस्त न करता, आहे तशी, तुकड्या तुकड्यानं वाचायला लावली. हे किचकट काम असतं, त्याची गंमत सांगण्यात काही अर्थ नाही. वेळ गेला. लतानं चहा आणला, तो तसाच गार झाला. गौरीच्या नावाखालच्या नोंदी एकेक करून वर आल्या. सगळ्यात ताजा मॅप, मागच्याच महिन्यातला, उघडलाच नाही. त्या नोंदीच्या मधोमध भोक पडलं होतं. त्याच्या आधीचाही नाही. त्याच्या आधीचा, तब्बल दीड वर्षापूर्वीचा, उघडला. पूर्ण.

मी नेहाला म्हटलं, "हा जुना आहे. याचा उपयोग?"

ती पडद्यावरची मापं खालपासून वरपर्यंत बघत गेली. "जुना आहे म्हणूनच बरा," ती म्हणाली. "तेव्हा आवाज कमीच ठेवलेला असतो, तिला दुखणार नाही. इथून सुरुवात करते. नव्यात तिला ‘स’, ‘श’ असे बारीक आवाज नीट कळायला लागले होते, ते आता परत मिळवायला लागतील. पण शून्यापासून नाही."

ते बारीक आवाज परत यायला पुढे बरेच महिने गेले. टिकली दाबण्याऐवजी आधीच कोणी ती ओळ वाचली असती तर ते महिने गौरीचे वाचले असते. माझ्या धंद्यात जे वाचलं त्याचं श्रेय मिळतं आणि जे गेलं ते आपल्या मनात राहतं. मला अजूनही त्या दोन न उघडलेल्या नोंदींची हळहळ वाटते.

नेहानं मॅप नव्या यंत्रात भरला. गौरीला खुर्चीवर बसवलं. यंत्र बघताच ती खुर्चीत मागे सरकली, पण रडली नाही. नेहानं ते कानामागे अडकवलं, चुंबक केसांतून चाचपडत जागेवर बसवला आणि लॅपटॉपवरून आवाज अगदी तळापासून चढवायला सुरुवात केली. जरा वाढवला. थांबली. आणखी जरा. गौरीचा चेहरा होता तसाच मख्ख. पंखा लतानं केव्हाच बंद केला होता. खालच्या रस्त्यावरचा हॉर्न मला ऐकू येत होता. तिला येतोय का, हे कोणालाच कळत नव्हतं.

परबांना राहवेना. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. तीन आठवडे ते पोरीशी असेच बोलत होते म्हणे, तोंड तिच्या तोंडाजवळ नेऊन, सगळा जीव एकवटून, काहीतरी पोचेल या आशेनं. तसेच ते ओरडले, "गौरी! ए गौरी! आयकलंस? बाबा बोलतोय! गौरी!" बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले. नेहा त्यांना थांबवायला पुढे झाली.

गौरीनं दोन्ही हातांनी बापाचं तोंड दाबून धरलं. आणि तीन आठवडे न वापरलेल्या, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, ओरडतो काय! सगळे बघतात ना."

परब तसेच गुडघ्यावर बसून राहिले, तिचे हात त्यांच्या तोंडावर. मग त्यांनी ते हळूच बाजूला केले, पुढे झुकले आणि तिला काहीतरी सांगितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, पण ते इतक्या हळू बोलले की मला एक शब्दही ऐकू आला नाही. गौरीनं मान डोलावली.